ग्राफिक्स कार्ड म्हातारं कशानं होतं?

जुनं ग्राफिक्स कार्ड विकायला काढणाऱ्याच्या जाहिरातीत एक वाक्य हमखास असतं: 'कधीही ओव्हरक्लॉक केलेलं नाही.' मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या गाळ्यांमध्येही ते ऐकू येतं. जुनी मोटारसायकल विकताना 'एकहाती वापरलेली आहे' म्हणतात, त्याच चालीवर. घेणारा ते ऐकून निम्मा निश्चिंत होतो. पण हे वाक्य अगदी खरं असलं, तरी कार्डाच्या प्रकृतीबद्दल त्यातून फारसं काही कळत नाही. असं का, ते समजायला कार्डात नेमकं काय झिजतं आणि कशामुळे झिजतं, हे एकदा सावकाश पाहायला हवं.

ठेका वाढवला म्हणजे काय केलं?

उदाहरणाला एकच कार्ड धरू: एनव्हिडियाचं २०१६ सालचं जीटीएक्स १०८०. त्याच्या चिपमध्ये ७२० कोटी ट्रान्झिस्टर आहेत आणि ते एका ठेक्यावर चालतात. हा ठेका म्हणजे क्लॉक. कंपनीने कागदावर दिलेला बूस्ट क्लॉक आहे १७३३ मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १७३ कोटींहून अधिक ठेके. दर ठेक्याला ट्रान्झिस्टरांच्या एका रांगेने काढलेलं उत्तर पुढच्या रांगेपाशी पोचलेलं असावं लागतं. ठेका जलद केला की पोचायला मिळणारा वेळ कमी होतो.

आता समजा एमएसआय आफ्टरबर्नरसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये कोअर क्लॉकची पट्टी उजवीकडे सरकवली आणि ती जरा जास्तच सरकली. काय होतं? काही उत्तरं वेळेत पोचत नाहीत. पडद्यावर रंगीत ठिपके नाचतात, त्रिकोण भलतीकडे ताणले जातात, गेम बंद पडतो, ड्रायव्हर पुन्हा चालू होतो. दृश्य घाबरवणारं असतं, पण ही झाली हिशेबातली चूक. पट्टी मागे घेतली, संगणक पुन्हा सुरू केला, की कार्ड पहिल्यासारखं चालतं. तबलजीने लय चढवली की नवशिक्या गायकाची तान समेवर येत नाही. म्हणून काही त्याचा गळा बिघडत नाही.

पण कागदावरच्या आकड्याच्या वर जायला जागा असतेच कशी? सिलिकॉनच्या एकाच तबकडीतून कापलेल्या चिपसुद्धा सारख्या निघत नाहीत. काही चपळ असतात, काही जरा मंद. कंपनीला मात्र खोक्यावर एकच आकडा छापायचा असतो. तो पाळणं त्यातल्या मंद चिपलाही जमलं पाहिजे, तेही कोंदट खोलीत, आणि चार-पाच वर्षं वापरून चिप थोडी थकल्यावरही. म्हणून कंपनी थोडी शिल्लक राखून ठेवते. ओव्हरक्लॉक करणारा ती राखीव शिल्लक आज खर्चायला काढतो. १०८० च्या बाबतीत २००० मेगाहर्ट्झच्या आसपास पोचणं बऱ्याच जणांना जमलं, ते या शिलकीवरच.

खरं बिल व्होल्टेजचं येतं

एका मर्यादेनंतर निव्वळ पट्टी सरकवून भागत नाही. ट्रान्झिस्टरने आणखी लवकर उघडझाप करावी असं वाटत असेल, तर त्याला जास्त व्होल्टेज द्यावं लागतं. इथून खर्च सुरू होतो.

चिपमध्ये उघडझापीला लागणारी वीज क्लॉकच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात वाढते. हिशेब करून पाहू. व्होल्टेज तेवढंच ठेवून क्लॉक ५ टक्के वाढवला, तर खप साधारण ५ टक्के वाढेल. तेवढाच क्लॉक वाढवताना व्होल्टेज १.०५ वरून १.१० केलं, तर खप १५ टक्के वाढेल. वेग दोन्हीकडे सारखाच. उष्णतेतल्या वाढीत मात्र तिपटीचा फरक. शिवाय चिप जितकी तापते, तितकी बंद ट्रान्झिस्टरांमधून झिरपणारी वीज वाढते, आणि ती झिरप चिपला आणखी तापवते.

आत दोन प्रकारची झीज होत असते. पहिली तारांची. ट्रान्झिस्टरांना जोडणाऱ्या धातूच्या तारा इतक्या बारीक असतात की त्यांतून धावणारे इलेक्ट्रॉन धातूच्या अणूंना हळूहळू पुढे ढकलत नेतात. नदी एका वळणावर काठ खाते आणि खाली जाऊन गाळ टाकते, तसंच. तारेत एका जागी पोकळी पडते, दुसऱ्या जागी उंचवटा येतो, आणि पोकळी पुरेशी वाढली की तार तुटते. मोटोरोलातल्या जेम्स ब्लॅक यांनी १९६९ मध्ये याचं सूत्र मांडलं: तारेतल्या प्रवाहाची घनता दुप्पट झाली की आयुष्य सुमारे चौथ्या हिश्श्यावर येतं, आणि तापमान वाढेल तसं ते झपाट्याने आणखी घटतं. त्या काळी तारा ॲल्युमिनियमच्या असत. १९९७ मध्ये आयबीएमने तांब्याच्या तारा वापरणार असल्याचं जाहीर केलं आणि पुढे सगळा उद्योग तिकडे वळला. तांब्याचे अणू इतक्या सहज हलत नाहीत, हे त्यामागचं एक कारण होतं.

दुसरी झीज ट्रान्झिस्टरमधल्या विद्युतरोधक थराची. हा थर जेमतेम दोन-तीन नॅनोमीटर जाड असतो आणि त्यावर एक व्होल्ट पडतो. एक व्होल्ट ऐकायला किरकोळ वाटतं. पण हवेत ठिणगी पडायला मीटरमागे सुमारे ३० लाख व्होल्ट लागतात, आणि या थरावरचा ताण मीटरच्या हिशेबात ३० ते ५० कोटी व्होल्ट भरतो. एवढा ताण वर्षानुवर्षं सोसताना थरात विद्युतभार अडकत जातात आणि ट्रान्झिस्टर किंचित मंदावतो. अगदी शेवटी तो थर फुटूही शकतो. व्होल्टेज थोडंसं वाढलं तरी ही झीज मोठ्या पटीने वाढते.

यातली मंदावण्याची गोष्ट नीट लक्षात घ्यावी. चिप म्हातारी झाल्याचं पहिलं लक्षण मरण नसतं. तिची चपळाई कमी होते. दोन वर्षं २०५० मेगाहर्ट्झवर न कुरकुरता चाललेलं कार्ड एके दिवशी गेम मध्येच सोडायला लागतं. क्लॉक ३० ने खाली आणला की पुन्हा सुरळीत. राखीव शिल्लक थोडी आटली, एवढाच त्याचा अर्थ. कंपनीच्या मूळ आकड्यावर ते कार्ड पुढेही बराच काळ चालू शकतं.

पट्टीला कुलूप आहे

व्होल्टेज इतकं महाग पडत असेल तर हौशी लोकांच्या हातून कार्डं पटापट जळायला हवीत. तसं होत नाही, कारण कंपन्यांनी ती पट्टी जवळजवळ कुलूपबंद केली आहे. मार्च २०१२ मध्ये जीटीएक्स ६८० सोबत एनव्हिडियाने जीपीयू बूस्ट आणलं. तेव्हापासून कार्ड स्वतःच क्षणाक्षणाला तापमान, विजेचा खप आणि व्होल्टेज पाहून आपला क्लॉक ठरवतं. म्हणजे कार्ड खोक्यातून निघतं तेच थोडंफार स्वतःला ओव्हरक्लॉक करत.

१०८० चंच बघा. नेहमीचं कमाल व्होल्टेज १.०६२. आफ्टरबर्नरमधली व्होल्टेजची पट्टी शंभर टक्क्यांपर्यंत नेली, तरी ते १.०९३ च्या वर जात नाही. शंभर टक्के हा आकडा दिसायला दांडगा, प्रत्यक्षात वाढ तीन टक्क्यांचीही नाही. विजेची मर्यादा १८० वॅट आहे. कंपनीच्या मूळ कार्डावर ती २० टक्क्यांनी वाढवून २१६ पर्यंत नेता येते, त्यापुढे नाही. तापमान ८३ अंशांशी पोचलं की कार्ड पंखे वाढवतं आणि क्लॉक उतरवायला लागतं. ९४ च्या पुढे तर स्वतःला जोरात आवरतं.

हे कुलूप तोडणारेही असतात. कोणी दुसऱ्या मॉडेलचा बायॉस, म्हणजे कार्डाच्या मर्यादा ठरवणारं आतलं सॉफ्टवेअर, कार्डात भरतो, कोणी बोर्डावर रोध सोल्डर करून व्होल्टेजचं नियंत्रण हातात घेतो, कोणी उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन ओतून विक्रम करतो. तिथे आयुष्य कमी होतं का, हा प्रश्नच उरत नाही. ती कार्डं वर्षांच्या नाही, संध्याकाळींच्या हिशेबाने वापरलेली असतात.

आता आकडे मांडू

कुलूप न तोडता पट्ट्या टोकाला नेल्या, तर किती फरक पडतो? समजा खोलीत २५ अंश आहेत आणि १८० वॅटवर चिप ७० अंशांवर स्थिरावते. म्हणजे खोलीपेक्षा ४५ अंश वर. खप २१६ वॅट झाला आणि पंख्यांचा वेग तोच राहिला, तर ही वाढ ५४ अंशांची होईल आणि चिप ७९ वर जाईल. ओव्हरक्लॉकने नऊ अंश वाढले.

आता पट्ट्यांना हातही लावू नका. फक्त कार्ड मे महिन्यात नागपूरला न्या. दुपारी चारला, कूलर बंद असलेल्या खोलीत ४२ अंश. तेच कार्ड, तेच पंखे, तेच १८० वॅट. चिप ८७ वर जायला बघेल. उन्हाळ्याने सतरा अंश वाढवले, म्हणजे ओव्हरक्लॉकच्या जवळजवळ दुप्पट. प्रत्यक्षात पंखे वेग वाढवतील, क्लॉक उतरेल आणि गाडी ८३ च्या आसपास थांबेल. पण ताण कुठून जास्त येतो ते यावरून कळतं. 'कधीही ओव्हरक्लॉक केलेलं नाही' म्हणणाऱ्याला आपण कधी 'कुठल्या गावात वापरलं?' असं विचारत नाही.

या नऊ अंशांची किंमतही काढू. त्यासाठी कार्डाच्या बोर्डावरचा कपॅसिटर सोयीचा, कारण त्याचं आयुष्य चक्क छापलेलं असतं. द्रव असलेल्या नेहमीच्या कपॅसिटरला १०५ अंशांवर २००० तासांची हमी असते, असं धरू. तापमान दर १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट, हा इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा ठोकताळा. ६५ अंशांवर ते ३२,००० तास होतं. रोज चार तास वापर धरला तर जवळपास २२ वर्षं. नऊ अंश वाढवून ७४ केले, तर साधारण पावणेबारा वर्षं. म्हणजे आयुष्य जवळजवळ निम्म्यावर आलं. प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर 'हो, कमी होतं' असंच आहे.

पण बावीसचे पावणेबारा झाले, तर तुमचं नेमकं काय गेलं? २०१२ च्या केप्लर पिढीला एनव्हिडियाने गेमसाठीचे नियमित ड्रायव्हर देणं २०२१ मध्ये थांबवलं. २०१६ च्या पास्कल पिढीची, म्हणजे आपल्या १०८० ची, पाळी २०२५ मध्ये आली. दोन्ही वेळा नऊ वर्षं. कार्डाचं उपयोगाचं आयुष्य साधारण तिथेच संपत येतं. आणि बऱ्या कार्डांवर आता घन पॉलिमरचे कपॅसिटर असतात. त्यांचं आयुष्य २० अंश उतरले की दुपटीऐवजी दहापट होतं, म्हणजे हिशेब आणखी सैल.

मग कार्डं मरतात कशाने?

पुण्यात माझा एक मित्र कार्डं दुरुस्त करतो. एका शनिवारी त्याच्याकडे 'गरम होतंय' या तक्रारीचं कार्ड आलं होतं. चिपभोवतीचे स्प्रिंग लावलेले चार स्क्रू त्याने आळीपाळीने, तिरक्या जोडीने सैल केले आणि हीटसिंक हलकेच पिळून उचलला. चिपवरची थर्मल पेस्ट उन्हाळ्यात तळ्याचा तळ भेगाळतो तशी झाली होती. मधोमध तर जवळजवळ नव्हतीच, सगळी कडेला सरकलेली. मेमरीवरच्या रबरी पट्ट्यांमधून तेल सुटून बोर्डावर चकाकत होतं. हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीचा असा नमदा बसला होता की तो चिमट्याने अखंड निघाला. एक पंखा बोटाने फिरवला तर अर्ध्या फेरीत अडला. मालकाने कार्ड कधी ओव्हरक्लॉक केलं नव्हतं. मित्राने सगळं पुसून नवी पेस्ट लावली, पट्ट्या आणि पंखा बदलला. चिप ठणठणीत होती.

हा क्रम नेहमीचाच आहे: आधी पंखे, मग पेस्ट आणि पट्ट्या, मग वीज पुरवणारा भाग किंवा सोल्डरचे सांधे, आणि अगदी शेवटी चिप. यातला सोल्डर विशेष लक्षात ठेवण्यासारखा. सिलिकॉन तापलं की फारच थोडं फुगतं. त्याखालचा काचतंतूंचा बोर्ड त्याच्या पाच-सहापट फुगतो. या दोघांना धरून ठेवणारे सोल्डरचे बारीक गोळे दर वेळी कार्ड तापलं-निवलं की एकीकडे ओढले जातात. तार पुन्हा पुन्हा वाकवून तोडतो, तसे ते हजारो आवर्तनांनी तडकतात. २००८ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपमधल्या काही ग्राफिक्स चिपच्या बांधणीतल्या सदोष सामग्रीपोटी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली, ती याच घराण्यातल्या दुखण्यासाठी. लॅपटॉपमध्ये कोण ओव्हरक्लॉक करत बसतं?

२०२१ च्या जुलैत ॲमेझॉनच्या 'न्यू वर्ल्ड' या गेमच्या चाचणीत काही आरटीएक्स ३०९० कार्डं बसली. ईव्हीजीए कंपनीने आपल्या कार्डांची तपासणी करून सांगितलं, की एका छोट्या खेपेत वीज पुरवणाऱ्या भागाचं सोल्डरिंग नीट झालं नव्हतं. गेमच्या मेन्यूच्या साध्या पडद्यावर फ्रेमचा वेग मोकाट सुटत होता, तेवढं निमित्त झालं.

आणि व्होल्टेजचा धडा सगळ्यात स्पष्ट शिकवला तो इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरांनी. ते ग्राफिक्स कार्ड नव्हे, पण सिलिकॉन तेच. मालकांनी काहीही न छेडता त्यातले काही प्रोसेसर काही महिन्यांतच अडखळायला लागले. कारण निघालं ते असं, की प्रोसेसर स्वतःच गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि त्याने आतल्या क्लॉकच्या वाटा अकाली थकत होत्या. ऑगस्ट २०२४ मध्ये इंटेलने सुधारित मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. झालेली झीज मात्र मायक्रोकोडने भरून येत नाही.

वेगही हवा, आयुष्यही हवं

इतकं पाहिल्यावर करायचं काय ते सोपं होतं. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबलं की व्होल्टेज आणि क्लॉकची वक्ररेषा उघडते. १०८० वर ०.९५० व्होल्टचा बिंदू पकडून तो १८०० मेगाहर्ट्झपर्यंत वर उचलायचा आणि त्यापुढची रेषा सपाट करायची. बऱ्याच कार्डांना हे सहज झेपतं. १.०६२ ऐवजी ०.९५० व्होल्ट म्हणजे त्याच क्लॉकला खप सुमारे एक पंचमांश कमी. पंखे शांत, चिप गार, सोल्डरवरची ओढ कमी. गंमत अशी, की खोक्यावरच्या १७३३ पेक्षा १८०० जास्त आहे, म्हणजे व्याख्येने हेही ओव्हरक्लॉकिंगच. आणि त्याने आयुष्य वाढतं.

हे ग्राफिक्स कार्डांवर क्रिप्टो चलनाचं मायनिंग करणाऱ्यांना आधीच उमगलं होतं. १५ सप्टेंबर २०२२ ला ईथेरियमने मायनिंगची पद्धत सोडली आणि मायनिंगची कार्डं ढिगांनी बाजारात आली. लोक त्यांना घाबरतात. पण नफ्यातलं बरंचसं विजेचं बिल खाऊन टाकत असल्याने जाणत्यांनी कोअरचं व्होल्टेज आणि विजेची मर्यादा खाली ठेवली होती, आणि कार्ड दिवसरात्र चालू असल्याने तापण्या-निवण्याची आवर्तनंही थोडी झाली होती. त्यांनी ताणली ती मेमरी, आणि दमले ते पंखे.

मेमरीचा क्लॉक वाढवताना मात्र सावध राहावं. आरटीएक्स ३०८० सारख्या कार्डांवर चिप ६५ अंश दाखवत असताना मेमरी शंभरी ओलांडून ११० च्या मर्यादेला टेकलेली असू शकते. ते तापमान वेगळं पाहावं लागतं. शिवाय नव्या मेमरीत चूक झाली की माहिती पुन्हा पाठवली जाते. म्हणून क्लॉक फार वाढवला तर गेम बंद पडत नाही, फ्रेम मात्र गुपचूप कमी होतात. आकडा वाढला आणि वेग घटला, असा उलटा सौदा.

बाकी काळजी घरगुती आहे. वर्षातून एकदा-दोनदा धूळ काढणं, दोन-तीन वर्षांनी पेस्ट बदलणं, फ्रेमना पडद्याच्या वेगाइतकी मर्यादा घालणं, चांगला एसएमपीएस, आणि कोकणासारख्या खाऱ्या, दमट हवेत कार्ड महिनोन् महिने बंद पडून राहू न देणं.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी 'कधीही ओव्हरक्लॉक केलेलं नाही' म्हणालं, तर मान डोलवा आणि दुसरेच प्रश्न विचारा. बायॉस मूळचाच आहे ना? पेस्ट शेवटची कधी बदलली? मग बंद कार्डाचे पंखे बोटाने हलकेच फिरवून बघा, आणि अर्धा तास जड गेम चालवून चिपचं आणि मेमरीचं तापमान दाखवायला सांगा. तो अर्धा तास द्यायला जो कुरकुरेल, त्याचं कार्ड घेऊ नका. मग त्याने ते ओव्हरक्लॉक केलेलं असो वा नसो.